खिशातल्या चाकूचा स्विस शिल्पकार

परदेशात स्थायिक झालेला एखादा आप्त सुटीवर घरी आला की त्याच्या बॅगेतून चॉकलेटे आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर अनेकदा आणखी एक वस्तू निघते. ती म्हणजे लाल मुठीचा, त्यावर ढाल आणि पांढरा क्रूस मिरवणारा छोटेखानी चाकू. मराठी घरांतील कित्येक कपाटांत असा चाकू वर्षानुवर्षे जपून ठेवलेला आढळेल. बाजारात त्याच्यासारखाच दिसणारा लाल चाकू कितीतरी स्वस्तात मिळतो. मग या चाकूला एवढे मोल कशासाठी द्यायचे, हा प्रश्न व्यवहारी मनाला पडल्याखेरीज राहत नाही. हा प्रश्न नवा नाही. तो सव्वाशे वर्षांपूर्वी खुद्द या चाकूच्या निर्मात्यापुढेही उभा राहिला होता आणि त्याने त्याला जवळजवळ रस्त्यावर आणले होते. त्या निर्मात्याचे नाव कार्ल एल्सेनर. व्हिक्टोरिनॉक्स या जगप्रसिद्ध नाममुद्रेचा पाया घालणारा हा कारागीर.

एल्सेनर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यभागी असलेल्या श्विट्स येथे झाला. वडील बाल्टासार हे टोप्या तयार करीत. आईचे नाव व्हिक्टोरिया. हे नाव पुढे किती महत्त्वाचे ठरणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार? चौथ्या क्रमांकाच्या या मुलाने वडिलांचा व्यवसाय न स्वीकारता चाकू-सुऱ्या घडविण्याची विद्या निवडली. त्सूग येथे उमेदवारी पूर्ण केल्यावर, त्या काळच्या युरोपीय कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे ते देशाटनाला निघाले. पॅरिसमध्ये त्यांनी काम केले. त्यानंतर दक्षिण जर्मनीतील टुटलिंगेन या गावी ते राहिले. शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणारे गाव म्हणून टुटलिंगेनचा लौकिक आजही आहे. शल्यविशारदाच्या हातातील पात्याला केसभर दोषही चालत नाही. पोलादाची पारख आणि धारेची शिस्त या गोष्टी एल्सेनर यांनी तेथे आत्मसात केल्या असतील, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८८४ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी श्विट्सनजीकच्या इबाख या गावी स्वतःची कार्यशाळा काढली. आई व्हिक्टोरिया या उद्योगात त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गावातून वाहणाऱ्या टोबेलबाख ओढ्यावर पाणचक्की बसवली होती आणि तिच्या बळावर सहाण व झिलई देण्याची यंत्रे फिरत असत. स्वयंपाकघरातील सुऱ्या, दाढीचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे असा माल तेथे तयार होई.

आज स्वित्झर्लंड म्हटले की समृद्धी, बँका आणि घड्याळे डोळ्यांपुढे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र डोंगरदऱ्यांतील स्विस माणसाची स्थिती अशी नव्हती. शेतीवर पोट भरत नव्हते, उद्योगधंदे तुटपुंजे होते आणि कामाच्या शोधात अनेक कुटुंबे अमेरिकेची वाट धरत होती. आपल्या खोऱ्यातील माणसांना आपल्याच खोऱ्यात काम मिळावे, ही एल्सेनर यांची धडपड होती. त्यांच्या पुढील सर्व खटाटोपामागे हीच प्रेरणा दिसते.

संधी आली ती लष्कराच्या वाटेने. स्विस लष्कराने १८८९ सालची श्मिट-रुबिन ही नवी रायफल स्वीकारली होती. ती साफसफाईसाठी उघडायची तर स्क्रू ड्रायव्हर हवा. शिवाय सैनिकांचे डबाबंद अन्न उघडण्यासाठीही काही साधन हवे होते. ही दोन्ही कामे भागविणारा चाकू प्रत्येक सैनिकाला द्यावा, असे ठरले. ‘मॉडेल १८९०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाकूत एक पाते, छिद्र पाडण्याची आरी, डबा उघडणी आणि स्क्रू ड्रायव्हर अशी चार अवजारे होती. मूठ गडद रंगाच्या ओक लाकडाची होती आणि वजन १४४ ग्रॅम. परंतु एवढ्या मोठ्या संख्येने चाकू बनविण्याची क्षमता असलेला एकही कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. साहजिकच पहिली मागणी जर्मनीतील झोलिंगेन या चाकू-सुऱ्यांच्या प्रसिद्ध शहराकडे गेली. स्विस सैनिकाच्या खिशात जर्मन चाकू आला.

ही गोष्ट एल्सेनर यांच्या मनाला लागली. १८९१ साली त्यांनी पंचवीसेक कारागिरांना एकत्र आणून स्विस चाकू-कारागिरांचा संघ स्थापन केला. एकट्याला न झेपणारे काम वाटून घ्यावे आणि लष्कराचा चाकू देशातच तयार करावा, असा हा सहकाराचा प्रयोग होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इबाखच्या चाकूंची पहिली खेप लष्कराकडे रवाना झाली.

येथे कथेचा शेवट गोड झाला असता तर ती फारशी सांगण्यासारखीही राहिली नसती. झोलिंगेनचे कारखाने मोठे होते, यंत्रसामग्री आधुनिक होती. तोच चाकू ते स्विस कारागिरांपेक्षा कमी किमतीत देऊ शकत होते. वर्षभरातच संघातील इतर सभासदांनी एकेक करून अंग काढून घेतले. तोट्यात धंदा करणे त्यांना परवडणारे नव्हते आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? एल्सेनर मात्र एकटेच उभे राहिले. लष्कराला चाकू पुरविता पुरविता त्यांची सारी पुंजी संपली आणि ते कर्जात बुडाले. नातेवाइकांनी मदतीचा हात दिला व देणेकऱ्यांनी सबुरी दाखवली, म्हणूनच त्यांचे दिवाळे निघाले नाही.

सारखाच माल दोघांनी बनवला तर स्वस्त विकणारा जिंकतो, हा बाजाराचा रोकडा नियम आहे. एल्सेनर यांनी पुढे जे केले त्यावरून हा धडा त्यांनी पुरता ओळखला होता असे दिसते. त्यांनी किमतीची लढाई सोडून दिली आणि वस्तूच बदलली. सैनिकी चाकू भक्कम होता, पण जड आणि ओबडधोबड होता. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी, छात्रसैनिकांसाठी, शेतकऱ्यांसाठी असे निरनिराळे चाकू तयार केले. लष्करी अधिकाऱ्यांसाठी तर त्यांनी अधिक हलका, अधिक देखणा आणि तरीही अधिक कामाचा चाकू योजला. १२ जून १८९७ रोजी ‘ऑफिसर्स अँड स्पोर्ट्स नाइफ’ या अर्थाच्या जर्मन नावाने त्याची कायदेशीर नोंद झाली. आज जगभर ज्याच्या प्रती दिसतात तो हाच.

या चाकूचे वैशिष्ट्य त्याच्या पाठीत होते. चाकूची अवजारे उघडी वा मिटलेली ठेवण्याचे काम पाठीकडची पोलादी स्प्रिंग करते. एल्सेनर यांनी एकाच स्प्रिंगवर चाकूच्या दोन्ही अंगांची अवजारे तोलण्याची रचना साधली. त्यामुळे केवळ दोन स्प्रिंगांवर सहा अवजारे बसली. सैनिकी चाकूतील चार अवजारांत लिखाणातील शाईची चूक खरवडण्यासाठी एक छोटे पाते आणि बाटलीचे बूच काढणारा कॉर्कस्क्रू यांची भर पडली, तरी जाडी आटोक्यात राहिली. लष्कराने हा चाकू अधिकृत साहित्यात कधी घेतला नाही. अधिकारी तो स्वतःच्या पैशाने दुकानातून विकत घेऊ लागले. सरकारी मागणीपेक्षा ही पावती मोठी होती, कारण ती गिऱ्हाइकाने स्वतःच्या खिशातून दिलेली होती.

चाकूची पारख करायची ती या रचनेच्या कसोटीवर. पाते उघडताना बोटाला एकसारखा ताण जाणवला पाहिजे आणि शेवटी स्पष्ट खटका ऐकू आला पाहिजे. उघडलेले पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे, ते डुगडुगता कामा नये. चाकू मिटून उजेडासमोर धरावा. स्प्रिंग आणि शेजारचे धातूचे पत्रे यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर जुळणी कच्ची समजावी. पाते मिटताना त्याची धार स्प्रिंगवर आपटून बोथट होत नाही ना, हेही पाहावे. नकली चाकू बहुधा येथेच उघडे पडतात. लाल रंग आणि क्रूस यांची नक्कल करणे सोपे असते. खटक्याची नक्कल करणे अवघड.

दुसरी कसोटी पोलादाची. व्हिक्टोरिनॉक्सच्या आजच्या चाकूंत सगळ्या भागांना एकच कडकपणा दिलेला नसतो. रॉकवेल मापनानुसार पात्याचा कडकपणा ५६, कात्री व करवतीचा ५३, स्क्रू ड्रायव्हर, डबा उघडणी आणि आरी यांचा ५२, तर कॉर्कस्क्रू आणि स्प्रिंग यांचा ४९ असतो. यामागे साधा हिशेब आहे. पात्याला धार टिकवायची असते म्हणून ते कडक हवे. स्क्रू ड्रायव्हरला पीळ सोसायचा असतो, तो फार कडक असला तर टोक तुटेल. स्प्रिंगला हजारो वेळा वाकून पूर्ववत व्हायचे असते, म्हणून तिच्यात लवचिकपणा हवा. स्वस्त चाकूत हा विवेक सहसा नसतो.

अर्थात आंधळ्या भक्तीचेही कारण नाही. याहून कडक पोलादाची, अधिक काळ धार टिकविणारी पाती अन्य अनेक उत्पादक बनवितात. ५६ कडकपणाचे पाते तुलनेने लवकर बोथट होते, पण ते तितक्याच सहजपणे साध्या सहाणेवर पुन्हा धारदार करता येते. शिवाय नेहमीच्या ९१ मिलिमीटर लांबीच्या चाकूचे पाते कुलूपबंद होत नाही. जोर देऊन टोचण्याचे काम करताना ते बोटांवर मिटू शकते. रोजच्या किरकोळ कामांसाठी हा चाकू उत्तम आहे, मात्र अवजड कामासाठी तो घडविलेलाच नाही. मोल ठरविताना वस्तू कशासाठी आहे हे आधी ठरवावे लागते.

या नव्या चाकूने एल्सेनर यांचे दिवस पालटले. दरम्यान १८९३ पासून जुरा प्रदेशातील देलेमाँ येथील दुसऱ्या एका कारखान्यानेही लष्कराला चाकू देण्यास सुरुवात केली होती. हाच कारखाना पुढे वेंगर नावाने प्रसिद्ध झाला. १९०८ साली लष्कराने मागणी दोघांत निम्मी-निम्मी वाटून दिली. एक कारखाना जर्मनभाषक भागातला, दुसरा फ्रेंचभाषक भागातला. बहुभाषक देशाने काढलेली ही सोयीची तोड होती.

१९०९ साली आई व्हिक्टोरिया यांचे निधन झाले. एल्सेनर यांनी आपल्या मालाला तिचे नाव दिले आणि त्याच वर्षापासून ढालीवरील क्रूस हे त्याचे चिन्ह बनले. पडत्या काळात पाठीशी उभ्या राहिलेल्या आईचे याहून टिकाऊ स्मारक कोणते असू शकेल? २६ डिसेंबर १९१८ रोजी, पहिले महायुद्ध थांबल्यानंतर अवघ्या दीड महिन्याने, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कार्ल एल्सेनर यांची जीवनयात्रा संपली.

१९२१ साली कारखान्यात गंजरोधक पोलादाचा वापर सुरू झाला. त्याला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात. व्हिक्टोरिया आणि इनॉक्स मिळून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अमेरिकी सैनिकांनी हे चाकू मोठ्या संख्येने घरी नेले आणि त्यांचे अवघड जर्मन नाव जिभेवर बसेना म्हणून ‘स्विस आर्मी नाइफ’ हे सोपे नाव रूढ केले. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर विमानातील हातसामानात चाकू नेण्यावर बंदी आली, विमानतळांवरील विक्री कोसळली आणि कंपनीवर मोठे संकट ओढवले. तरीही कोणाला कामावरून काढून न टाकता, काही कामगार तात्पुरते इतर उद्योगांकडे पाठवून तिने तो काळ निभावला. खोऱ्यातील माणसाला खोऱ्यातच काम, हा संस्थापकाचा हेतू चौथ्या पिढीनेही विसरला नव्हता. २००५ साली तिने वेंगरही विकत घेतली.

२००८ साली स्विस लष्कराने सैनिकी चाकूसाठी पुन्हा नवी निविदा काढली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांमुळे ती परदेशी कंपन्यांनाही खुली ठेवावी लागली. स्विस सैनिकाच्या खिशात परदेशी चाकू येणार काय, या १८९० सालच्या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. या वेळी मात्र मागणी इबाखलाच मिळाली आणि कुलूपबंद होणाऱ्या पात्याचा नवा सैनिकी चाकू तेथेच तयार होऊ लागला. ज्या खोऱ्यातून माणसे अमेरिकेला जात होती, तेथून आज चाकू अमेरिकेला जातात. कपाटातल्या त्या लाल चाकूचा खटका पुन्हा कधी ऐकलात, तर तो ऐकू येण्यासाठी एका माणसाने आपली सारी पुंजी पणाला लावली होती, एवढे आठवावे.