समुद्र दिवाणखान्यात आणणारा निसर्गशास्त्रज्ञ : फिलिप हेन्री गॉस

रायपूरचे शंकर नगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची छोटी काचपेटी उभी करून तीत सागरी जीव जगवता येतात. त्यासाठी समुद्राचे पाणी आणावे लागत नाही. शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात क्षार मिसळले की काम भागते. सामान्य माणसासाठी हा मार्ग खुला करणाऱ्यांमध्ये इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो त्यांच्याच ग्रंथामुळे. या छंदापायी समुद्रकिनारे कसे ओस पडतात, हेही त्यांना आपल्या हयातीतच पाहावे लागले.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून लघुचित्रे काढीत. घरची स्थिती बेताची असल्याने वयाच्या सतराव्या वर्षी गॉस यांनी न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर येथे एका व्यापारी पेढीवर कारकुनी पत्करली. तेथेच त्यांना कीटकांच्या निरीक्षणाची गोडी लागली. पुढे कॅनडात केलेली शेती फसली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले. १८३९ मध्ये ते मायदेशी परतले आणि लेखणीवर उदरनिर्वाह करू लागले. १८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून त्यांनी तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये धार्मिक विषयांवर लेखन करणाऱ्या एमिली बोज यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

डेव्हनचा किनारा

अतिश्रमामुळे प्रकृती ढासळल्याने १८५२ च्या प्रारंभी गॉस कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत दिसणारी समुद्रपुष्पे, शेवाळ, गोगलगाई आणि थंड पाण्यातील छोटे प्रवाळ यांनी त्यांना मोहून टाकले. हे जीव बरणीत ठेवले की पाणी लवकरच नासत असे. ते जिवंत कसे ठेवावेत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

या दिशेने काही प्रयत्न आधीच झाले होते. ॲना थिन यांनी १८४६ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणून ते लंडनमधील आपल्या घरी जगवले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन:पुन्हा ओतले जाई. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये असे दाखवून दिले होते, की वनस्पती आणि प्राणी यांचे प्रमाण जुळले तर टाकीतील पाणी दीर्घकाळ चांगले राहते. गॉस यांनीही खाऱ्या पाण्यात स्वतंत्रपणे हेच प्रयोग केले. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील सागरी जीवांचा मोठा पुरवठा त्यांनीच केला. १८५४ मध्ये त्यांचा 'द अ‍ॅक्वेरियम' हा रंगीत चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि घरोघरी काचपेट्या दिसू लागल्या.

चार क्षारांचा समुद्र

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची खरी अडचण पाण्याची होती. सागरी पाण्याच्या उपलब्ध रासायनिक विश्लेषणाचा आधार घेऊन गॉस यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजल तयार केले. सुमारे साडेचार लिटर पाण्यासाठी त्यांनी १०० ग्रॅमच्या आसपास साधे मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या जवळपास पोटॅशियम क्लोराइड असे प्रमाण दिले. या पाण्यात त्यांनी प्रथम शेवाळ सोडले आणि काही दिवसांनंतरच प्राणी ठेवले. प्रयोग यशस्वी झाला.

आजच्या ज्ञानाने पाहता या कृतीत एक उणीव दिसते. अल्प प्रमाणात असलेली कॅल्शियमची संयुगे त्यांनी वगळली होती. प्रवाळाला तर आपला सांगाडा घडवण्यासाठी कॅल्शियम लागतेच. म्हणून आजच्या तयार सागरी मिठात ते मिसळलेले असते. प्राणी सोडण्यापूर्वी थांबण्याची त्यांची पद्धत मात्र अचूक ठरली. विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले.

प्रकाशाबाबतही गॉस दक्ष होते. शेवाळाने प्राणवायू सोडावा यासाठी उजेड हवा. पण उन्हाळ्यातील थेट ऊन पाणी तापवते आणि काचेवर हिरवा थर चढवते. यासाठी टाकी खिडकीजवळ ठेवून प्रखर ऊन अडवावे, असे ते सुचवीत. बाष्पीभवनाने पाणी घटले की क्षारता वाढते, म्हणून भर गोड्या पाण्यानेच घालावी, हा त्यांचा नियम आजही पाळला जातो. उष्ण कटिबंधातील बहुतेक खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला भरपूर प्रकाश लागतो. ही गरज आता निळसर छटेचे एलईडी दिवे भागवतात. मात्र टाकी जितकी लहान, तितके तिचे तापमान आणि क्षारता लवकर बदलतात. रायपूरसारख्या, उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवणे हेच सर्वांत कठीण काम ठरते.

ओस पडलेली डबकी

१८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी 'ओम्फॅलोस' हा ग्रंथ लिहिला. सृष्टी निर्माण झाली तीच प्राचीनतेच्या खुणांसह, असे मांडून त्यांनी भूशास्त्र आणि बायबल यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. विज्ञाननिष्ठ आणि धर्मनिष्ठ अशा दोन्ही बाजूंनी तो नाकारला. पत्नीच्या निधनानंतर ते लहानग्या एडमंडला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी ब्रिटनमधील समुद्रपुष्पे आणि प्रवाळांवरील मोठा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण केला.

दरम्यान त्यांची पुस्तके हाती घेऊन हौशी लोक रेल्वेने किनाऱ्यावर येत होते. हातोड्या आणि छिन्न्यांनी खडक फोडून जीव नेले जात. त्यांतील बहुतेक जीव अननुभवी हातांत मरत. दशकभरात ही लाट ओसरली, परंतु कित्येक डबकी तोवर रिकामी झाली होती. आपल्याच लेखनाचा हा परिणाम पाहून गॉस अतिशय व्यथित झाले, अशी नोंद पुढे साहित्यिक म्हणून नावारूपास आलेल्या एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे. गॉस यांचे २३ ऑगस्ट १८८८ रोजी निधन झाले.

भारतात खडकबांधणी करणाऱ्या सर्व प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते समुद्रातून काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. दुसरीकडे, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशसारख्या शोभिवंत माशांची बंदिस्त पैदास साध्य केली आहे. कृत्रिम खडक, तयार सागरी मीठ आणि टाकीतच जन्मलेले मासे यांच्या साहाय्याने किनाऱ्याला धक्का न लावता हा छंद जोपासता येतो. गॉस यांच्या पिढीला हा पर्याय उपलब्ध नव्हता.