आधी थंड प्रतिसाद, मग रांगा: मीना कुमारी यांच्या ‘पाकीजा’चं काय झालं?

१९५६ला मुहूर्त झालेला ‘पाकीजा’ ४ फेब्रुवारी १९७२ला प्रदर्शित झाला. समीक्षक फारसे खूश नव्हते. ३१ मार्चला मीना कुमारी गेल्या, अवघ्या ३८व्या वर्षी. मग थिएटरबाहेर रांगा लागल्या आणि ‘ट्रॅजेडी क्वीन’ हा शिक्का पक्का झाला.

तो अर्धवटच आहे. १९६३च्या फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकनं त्यांचीच होती (हो, तिन्ही!). पुरस्कार मिळाला ‘साहिब बीबी और गुलाम’मधल्या दारूच्या आहारी गेलेल्या छोट्या बहूला. पुढे त्यांचं स्वतःचं व्यसन या भूमिकेला जोडलं गेलं. त्यात अभिनय मागे पडला. ‘आझाद’, ‘कोहिनूर’मधल्या खोडकर मीना कुमारींबद्दल आजही कमीच लिहिलं जातं.