घर सुटलेला मुलगा आणि त्याने उभं केलेलं घर: डॉ. झाकीर हुसेन

दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांकडे पालक एकच सवाल घेऊन येतात. पोराला बाहेरगावी, हॉस्टेलला ठेवावं का? खर्चाची काळजी असतेच, पण खरी धास्ती वेगळी असते. आपलं लेकरू तिथे जाऊन आपलं राहील का? मुलीचा विषय असला तर हाच सवाल आणखी हळू आवाजात येतो. अशा घरांना आम्ही डॉ. झाकीर हुसेन यांच्याबद्दल सांगतो. देशाचे तिसरे राष्ट्रपती एवढंच त्यांच्याबद्दल मुलांना पाठ असतं. त्यांचं विद्यार्थीपण मात्र कुणाला फारसं माहीत नसतं.

८ फेब्रुवारी १८९७ ला त्यांचा जन्म हैदराबादेत झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं, पठाणांचं. वालिद फिदा हुसेन खान हैदराबादेत नामी वकील होते. घरात सुबत्ता होती, शिकवायला उस्ताद घरी येत. झाकीर दहा वर्षांचे असताना, १९०७ मध्ये, वालिद गेले आणि कुटुंब कायमगंजला परतलं. मुलांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या बोर्डिंगात घातलं गेलं. १९११ मध्ये प्लेगच्या साथीत वालिदाही गेल्या. चौदाव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला.

मग बोर्डिंग हेच घर झालं. इटाव्याची शाळा साधी आणि शिस्तीची होती. हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन कडक होते, पण मुलांवर जीव लावणारे. लोक अलीगढचं नाव घेतात, आम्हाला मात्र वाटतं की झाकीरसाहेब घडले ते इटाव्यात. साधं राहणं, नमाजची सवय, चार लोकांसमोर उभं राहून बोलणं, हे सगळं तिथलं. बाल्कन युद्धाच्या काळात तुर्कस्तानसाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांत हा शाळकरी मुलगाही होता. सुट्टीत कायमगंजला गेले की हसन शाह नावाच्या एका सूफी बुजुर्गांसाठी ते किताबं उतरवून देत. आज पोरं झेरॉक्स काढतात; तेव्हा हाताने लिहिता लिहिता ओळ न् ओळ डोक्यात उतरायची.

१९१३ मध्ये ते अलीगढच्या कॉलेजात आले. हवा एकदम पालटली. काळी शेरवानी, तुर्की टोपी, युनियनमधल्या वादसभा, रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या मैफली. डॉक्टर व्हायचं म्हणून मधे लखनौला गेले, तिथे आजारी पडले आणि तो बेत सुटला. परत अलीगढला येऊन १९१८ मध्ये बी.ए. झाले. दोस्त त्यांना ‘मुर्शिद’ म्हणत. थोडे आळशी, विसराळू, पण बोलायला लागले की सगळे गप्प. याच अलीगढच्या ऐटीत ते रमून गेले असते, तर एक चांगला वकील मिळाला असता, इतकंच.

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडा, असं त्यांचं आवाहन होतं. काही विद्यार्थ्यांनी त्याची टिंगल केली, ती तेवीस वर्षांच्या झाकीरना लागली. ते दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान आणि डॉ. अन्सारींना भेटले: आमच्यासाठी वेगळी संस्था काढा, मुलं येतील. २९ ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाचा पाया घातला गेला. ज्या जागेने त्यांना सगळं दिलं, तिच्याच दाराबाहेर ते उभे राहिले.

१९२२ मध्ये बर्लिन. अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, तीही ब्रिटिशांच्या अमलातल्या भारतीय शेतीवर. पोरगा परदेशी जाऊन बदलेल म्हणणाऱ्यांना आम्ही इथलाच एक किस्सा सांगतो. तिथल्या कावियानी छापखान्यात गालिबचा दीवान छापायचा ठरला, तेव्हा झाकीरसाहेब स्वतः बसून खिळे जुळवत होते. हाताने काम करत शिकणं हा जर्मन शाळांतला विचारही ते तिथूनच घेऊन आले. जामिया पैशाअभावी बंद पडणार अशी खबर आली, तेव्हा आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोस्तांसह त्यांनी कळवलं, आम्ही येतो, बंद करू नका.

१९२६ मध्ये परतले तेव्हा जामिया दिल्लीच्या करोल बागेत भाड्याच्या घरांत होती. १९२८ मध्ये तिथल्या शिक्षकांनी वीस वर्षं, महिना १५० रुपयांहून जास्त न घेता काम करायची शपथ घेतली. प्राथमिक शाळेत मुलांची स्वतःची बँक होती, दुकान होतं. बर्लिनची गेर्डा फिलिप्सबॉर्न ही यहुदी बाई इथे येऊन लहान मुलांच्या वसतिगृहाची ‘आपाजान’ झाली, तिची कबरही जामियातच आहे. एकदा शाळेत झाकीरसाहेब मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने येऊन कानात सांगितलं, छोटी रेहाना आजारी आहे. थोड्या वेळाने पुन्हा आला: गेली. ते वाटतच राहिले, मुलांची खुशी मोडू नये म्हणून. आम्हाला हे वाचून आजही अस्वस्थ वाटतं. घरच्यांनी ते कसं सोसलं असेल?

१९३५ मध्ये ओखल्यात जामियाच्या इमारतीची पायाभरणी झाली. पहिला दगड सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवला गेला.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचं नातं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिथे नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. ‘नई तालीम’चा आराखडा त्यांच्या हाताखाली तयार झाला. शाळेने मुलांच्या कामातून स्वतःचा खर्च काढावा या कल्पनेवर फार भर दिला तर शाळेचा कारखाना होईल, हा धोका त्यांनी गांधीजींसमोर बेधडक मांडला होता.

फाळणीच्या दंगलीत जालंधर स्टेशनवर त्यांचा जीव जाता जाता वाचला. वाचवणाऱ्यांत एक शीख फौजी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी होते. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ते अलीगढचे कुलगुरू झाले. ज्या कॉलेजला विशीत पाठ फिरवली तेच आता विद्यापीठ झालं होतं, आणि चहूबाजूंनी संशयाच्या नजरेत होतं. आठ वर्षं त्यांनी ते सांभाळलं, आणि आवारात फुलझाडंही लावली. गुलाबाचा शौक तर राष्ट्रपती भवनातही सुटला नाही.

३ मे १९६९ ला, राष्ट्रपती असतानाच, त्यांचा इंतकाल झाला. दफन ओखल्याला, जामियाच्या आवारात झालं. आसपास वर्ग भरतात, मुलं ये-जा करत असतात.