इंदिरादेवी (कूचबिहार)

हा लेख बडोद्याच्या राजकन्या व कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी यांच्याविषयी आहे.

महाराणी इंदिरादेवी, माहेरच्या इंदिराराजे गायकवाड (१९ फेब्रुवारी, इ.स. १८९२ – ६ सप्टेंबर, इ.स. १९६८), या बडोदा संस्थानच्या राजकन्या आणि कूचबिहार संस्थानच्या महाराणी होत्या. पतीच्या निधनानंतर इ.स. १९२२ ते इ.स. १९३६ या काळात अल्पवयीन पुत्राच्या वतीने त्यांनी कूचबिहारचा राज्यकारभार पाहिला. शिफॉनच्या साडीला भारतीय उच्चवर्गात प्रतिष्ठा मिळवून देणारी स्त्री म्हणून त्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवी या त्यांच्या कन्या होत.

बालपण व शिक्षण

इंदिराराजे या महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) आणि महाराणी चिमणाबाई (द्वितीय) यांच्या एकुलत्या एक कन्या. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातले, इ.स. १८७५ मध्ये ते दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आले. चिमणाबाई देवासच्या घाटगे घराण्यातल्या होत्या. इंदिराराजेंच्या जन्माच्या सुमारास राजपरिवार नुकत्याच बांधून झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात राहू लागला होता. राज्य गुजरातेत असले तरी या घराण्याची भाषा, सणवार आणि पेहराव मराठी होते. राजस्त्रिया जरीकाठी नऊवारी लुगडी नेसत व त्यावर घराण्याचे प्रसिद्ध मोती घालत. कपड्याचा पोत आणि दागिन्याचे पाणी पारखण्याची इंदिराराजेंची नजर याच वातावरणात तयार झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

सयाजीरावांनी इ.स. १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते. मुलीच्या बाबतीतही त्यांनी तेच धोरण ठेवले. इंदिराराजेंनी बडोदा कॉलेजात शिक्षण घेतले. कॉलेजात जाणाऱ्या भारतातील पहिल्या राजकन्यांमध्ये त्यांची गणना होते. आईवडिलांबरोबर त्यांचे लहानपणापासून युरोपात जाणे-येणे होते.

ग्वाल्हेरशी ठरलेला विवाह

इंदिराराजेंचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरविण्यात आला. दोन्ही संस्थाने एकवीस तोफांच्या सलामीची, दोन्ही घराणी मराठा. राजकीय दृष्टीने याहून तोलामोलाचा संबंध शोधूनही सापडला नसता. परंतु माधवराव वधूपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठे होते आणि त्यांची पहिली पत्नी हयात होती. त्या राणीला अपत्य नसल्याने हा दुसरा विवाह योजला होता. शिवाय ग्वाल्हेरच्या राणीवशात पडदा कडक होता. युरोप पाहिलेल्या आणि कॉलेजात शिकलेल्या तरुणीला तेथे आयुष्य काढावे लागणार होते.

हा विवाह ठरविणाऱ्या मातापित्यांची सार्वजनिक भूमिका पाहिली तर यातील विसंगती लपत नाही. सयाजीरावांनी इ.स. १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला होता. चिमणाबाईंचे भारतीय स्त्रीच्या स्थितीविषयीचे इंग्रजी पुस्तक इ.स. १९११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे इ.स. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. घरातल्या मुलीच्या विवाहाचा प्रश्न आला तेव्हा मात्र दोघांनीही घराण्याचा मान आणि दिलेला शब्द यांनाच प्राधान्य दिले.

डिसेंबर १९११ मध्ये पाचवे जॉर्ज यांच्या सन्मानार्थ दिल्लीत दरबार भरला. बादशहाला मुजरा करताना सयाजीराव एकदाच झुकले आणि पाठ फिरवून चालते झाले, या प्रसंगामुळे हा दरबार बडोद्याच्या इतिहासात गाजला. इंदिराराजेंच्या आयुष्याला कलाटणी मिळाली तीही याच दरबाराच्या निमित्ताने. तेथे कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी त्यांचा सहवास वाढला आणि दोघांनी विवाह करण्याचे ठरविले.

त्यानंतर इंदिराराजेंनी जे केले ते त्या काळी राजघराण्यात अघटित होते. आईवडिलांना न सांगता त्यांनी थेट माधवराव शिंदे यांना पत्र लिहून आपण विवाहास तयार नसल्याचे कळविले. ग्वाल्हेरला लग्नाची तयारी सुरू झाली होती. माधवरावांनी बडोद्याला तार करून राजकन्येच्या पत्राचा अर्थ विचारला, तेव्हा सयाजीराव-चिमणाबाईंना ही गोष्ट समजली. ठरलेला विवाह मोडणे ही दोन संस्थानांमधील मानहानीची बाब होती, आणि ती एका एकोणीस वर्षांच्या मुलीने केवळ एका पत्राने घडवून आणली होती.

जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह

कूचबिहारविषयी बडोद्याचे आक्षेप अनेक होते. ते संस्थान तेरा तोफांच्या सलामीचे, म्हणजे मानाने बरेच खालचे. जितेंद्र नारायण धाकटे पुत्र असल्याने गादीवर येण्याची शक्यता कमी. जात वेगळी आणि धर्माचरणही वेगळे, कारण त्यांच्या मातोश्री सुनीतीदेवी या ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या होत्या. त्या घराण्याची पाश्चात्त्य राहणी आणि मद्यपान यांचाही बोलबाला होता. यातील शेवटचा आक्षेप पुढे खरा ठरला.

मुलीचे मन वळविण्याचे प्रयत्न सुमारे दीड वर्ष चालले. अखेर सयाजीरावांनी नाइलाजाने संमती दिली, परंतु विवाह बडोद्यात होऊ दिला नाही. इ.स. १९१३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये ब्राह्म पद्धतीने हा विवाह झाला. वधूचे आईवडील उपस्थित नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १९१३ मध्ये, जितेंद्र नारायण यांचे ज्येष्ठ बंधू महाराज राजेंद्र नारायण यांचे निधन झाले आणि धाकटे पुत्र म्हणून नाकारले गेलेले जितेंद्र नारायण कूचबिहारच्या गादीवर आले. माहेरचा अबोला काही काळाने मिटला. इंदिरादेवींची मुले पुढे नियमितपणे बडोद्याला आजोळी येत असत.

या दांपत्यास पाच अपत्ये झाली: इलादेवी, जगद्दीपेंद्र नारायण, इंद्रजितेंद्र नारायण, गायत्रीदेवी आणि मेनकादेवी. गायत्रीदेवींचा जन्म २३ मे १९१९ रोजी लंडनमध्ये झाला. त्या वेळी इंदिरादेवी रायडर हॅगार्ड यांची एक कादंबरी वाचत होत्या व तिच्या नायिकेवरून त्यांनी मुलीला आयेशा हे नाव दिले. घरात आणि मित्रमंडळीत ते नाव कायम राहिले.

वैधव्य व राज्यकारभार

जितेंद्र नारायण यांचे २० डिसेंबर १९२२ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये निधन झाले. त्या वेळी इंदिरादेवी तीस वर्षांच्या होत्या. थोरला पुत्र जगद्दीपेंद्र अवघा सात वर्षांचा असल्याने राजप्रतिनिधी म्हणून कारभार त्यांच्याकडे आला. मंत्रिमंडळाच्या साहाय्याने त्यांनी इ.स. १९३६ पर्यंत, म्हणजे पुत्राने सूत्रे हाती घेईपर्यंत, ही जबाबदारी सांभाळली.

त्यांच्या कारभाराविषयी फार मोठे दावे करता येत नाहीत. पडद्याबाहेर राहून एका स्त्रीने पूर्व भारतातील संस्थानाचा कारभार चौदा वर्षे चालविला, हे खरे. पण या काळातील त्यांचा बराच वेळ कलकत्ता, दार्जिलिंग आणि युरोपात गेला हेही तितकेच खरे आहे. संस्थानाच्या तिजोरीवर पडणाऱ्या खर्चाचा विचार केल्याशिवाय त्यांच्या अभिरुचीची वर्णने वाचू नयेत.

पेहराव व अभिरुची

हिंदू विधवेने रंगीत वस्त्रे आणि दागिने टाकावेत, ही रूढी राजघराण्यांतही पाळली जात असे. इंदिरादेवींनी पांढरा रंग स्वीकारला, परंतु त्याचे रूप पालटले. जाड सुती किंवा साध्या रेशमी वस्त्राऐवजी त्यांनी फ्रान्समध्ये विणलेले पांढरे शिफॉन निवडले आणि त्याबरोबर मोत्यांचे सर व हिरे वापरले. शोकाचा म्हणून समाजाने लादलेला रंग अशा रीतीने त्यांच्या हाती ऐटीचा रंग झाला.

शिफॉन हे पीळ दिलेल्या बारीक रेशमी धाग्याचे विरळ विणीचे कापड. ते हलके असल्याने उकाड्यात सुसह्य होते आणि अंगाला धरून सरळ खाली पडते. भारतात समारंभाला नेसायच्या रेशमी साड्या, मग ती पैठणी असो, बडोद्याचा शालू असो वा बनारसी, जरीमुळे जड असत. सुती साडी हलकी असली तरी दरबारी प्रसंगाला चालत नसे. शिफॉनने ही मधली जागा भरून काढली. मात्र युरोपात हे कापड झग्यांसाठी विणले जाई आणि साडीला त्याचा पन्हा पुरत नसे. इंदिरादेवींनी साडीला योग्य असे पंचेचाळीस इंची पन्ह्याचे शिफॉन मागवून घेण्याची व्यवस्था केली. फॅशनच्या इतिहासात अशा व्यावहारिक तपशिलाकडे सहसा दुर्लक्ष होते, पण पन्ह्याचा प्रश्न सुटला नसता तर ही साडी एका महाराणीच्या कपाटापलीकडे गेली नसती.

नेसण्याची पद्धतही महत्त्वाची ठरली. माहेरचे नऊवारी लुगडे कासोट्याचे; शिफॉन त्या पद्धतीला साजत नाही. इंदिरादेवी निऱ्या घालून खांद्यावर पदर घेण्याची गोल साडी नेसत. बंगालमधील सुधारक घराण्यांत ही पद्धत ज्ञानदानंदिनीदेवी ठाकूर यांनी रूढ केली होती, आणि त्यांनी ती मुंबईच्या मुक्कामात पारशी स्त्रियांचे पाहून बसविली होती. इंदिरादेवींच्या अनुकरणाने अन्य संस्थानांतील राजस्त्रियांनीही शिफॉन स्वीकारले. गायत्रीदेवींच्या फिकट रंगाच्या शिफॉन साड्या व मोत्यांचा सर हा पोशाख पुढे जगभर ओळखला गेला. तो मूलतः आईकडून आलेला वारसा होता.

पादत्राणांचा त्यांना विशेष शोक होता. हॉलिवूडमधून इटलीला परतून इ.स. १९२७ मध्ये फ्लॉरेन्स येथे व्यवसाय सुरू केलेले चर्मकलावंत साल्वातोरे फेरागामो हे त्यांच्या आवडीचे कारागीर होते. इंदिरादेवींनी त्यांच्याकडे एका वेळी शंभर जोड करावयास सांगितले होते, आणि काही जोडांवर जडविण्यासाठी स्वतःच्या संग्रहातील मोती व हिरे पाठविले होते. त्यांत मोत्यांनी सजविलेला हिरव्या मखमलीचा आणि हिरे लावलेला काळ्या मखमलीचा असे जोड होते. फेरागामो यांनी आपल्या आत्मचरित्रात या मागणीची नोंद केली आहे.

जेवणाच्या बाबतीतही त्या तितक्याच चोखंदळ होत्या. लझान्या हा इटालियन पदार्थ कसा लागला पाहिजे हे कळावे म्हणून त्यांनी आपल्या एका आचाऱ्याला रोममधील आल्फ्रेदो या प्रसिद्ध उपाहारगृहात नेले होते.

प्रवास

इंदिरादेवींचे वर्ष ऋतूंप्रमाणे विभागलेले असे. हिवाळ्यात कूचबिहार आणि कलकत्त्यातील वुडलँड्स हे निवासस्थान, उन्हाळ्यात दार्जिलिंग, आणि अधूनमधून लंडन, पॅरिस व दक्षिण फ्रान्स. इंग्लंडमध्ये लेस्टरशरमधील मेल्टन मोब्रे या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी त्यांनी काही काळ घर घेतले होते. आगबोटीने होणाऱ्या या प्रवासात मुले, शिक्षिका, दासी, आचारी असा मोठा लवाजमा बरोबर असे.

जुगाराची त्यांना आवड होती व फ्रान्समधील ल तुके येथील कॅसिनोत त्या नेहमी जात. पाठीवर पाचू, हिरे आणि माणकांच्या ओळी जडविलेले जिवंत कासव शकुनाचे म्हणून त्या खेळाच्या मेजावर ठेवत, अशी आठवण गायत्रीदेवींच्या 'अ प्रिन्सेस रिमेम्बर्स' या आत्मचरित्रात आली आहे. या कासवाची कथा इंदिरादेवींविषयीच्या बहुतेक सर्व लेखनात पुनरावृत्त झाली आहे. तिच्यामुळे त्यांची प्रतिमा काहीशी एकांगी झाली असून, ग्वाल्हेरला पत्र लिहिणारी मुलगी तिच्याआड झाकली जाते.

उत्तरायुष्य

इ.स. १९३६ नंतर इंदिरादेवींचा कूचबिहारच्या कारभाराशी प्रत्यक्ष संबंध राहिला नाही. इ.स. १९३९ मध्ये सयाजीरावांचे निधन झाले. गायत्रीदेवींनी जयपूरचे महाराज सवाई मानसिंह (दुसरे) यांच्याशी विवाह करण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा इंदिरादेवींनी प्रथम ती मान्य केली नाही. मानसिंहांना आधीच्या दोन राण्या होत्या. स्वतः ज्या कारणासाठी ग्वाल्हेरचा विवाह मोडला, तीच परिस्थिती मुलगी आपण होऊन पत्करत होती. अखेर ९ मे १९४० रोजी हा विवाह झाला. मेनकादेवींचा विवाह देवास (धाकटी पाती) येथील पवार घराण्यात झाला आणि त्या निमित्ताने एक कन्या पुन्हा मराठी घराण्यात, आजी चिमणाबाईंच्या माहेरगावी गेली.

पुढील वर्षे शोकाची होती. इ.स. १९४५ मध्ये इलादेवींचे आणि इ.स. १९५१ मध्ये धाकटे पुत्र इंद्रजितेंद्र यांचे निधन झाले. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. कूचबिहारचा कारभार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारत सरकारकडे गेला व १ जानेवारी १९५० पासून ते पश्चिम बंगालचा जिल्हा झाले. माहेर आणि सासर ही दोन्ही राज्ये अशा रीतीने काही महिन्यांच्या अंतराने संपली.

अखेरच्या काळात इंदिरादेवींचे वास्तव्य मुख्यत्वे मुंबईत होते. ६ सप्टेंबर १९६८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या आई महाराणी चिमणाबाई दहा वर्षे आधी, इ.स. १९५८ मध्ये निवर्तल्या होत्या. कूचबिहारचा राजवाडा सध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली असून त्यात वस्तुसंग्रहालय आहे.