त्र्यंबकच्या शास्त्र्यांचे चिरंजीव : चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वर हे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसले आहे. गोदामाईचा उगम याच पर्वतावर. कुशावर्तात स्नान करून देवदर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की, भारतीय चित्रपटाचे जनक मानले जाणारे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म याच क्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मातोश्रींचे नाव द्वारकाबाई. घरात वेदमंत्रांचा घोष, पूजाअर्चा आणि पुराणकथा यांचे वातावरण होते. धुंडिराजांनीही पिढीजात पौरोहित्य पुढे चालवावे, या हेतूने शास्त्रीबुवांनी त्यांना लहानपणीच धार्मिक विधींचे शिक्षण दिले होते. परंतु मुलाचा ओढा रेषेकडे आणि रंगाकडे होता.

दाजीशास्त्री संस्कृतचे अध्यापक म्हणून मुंबईस गेले आणि सारे कुटुंब त्यांच्यासमवेत गेले. १८८५ मध्ये धुंडिराजांनी सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत प्रवेश घेऊन चित्रकलेचा अभ्यास केला. पुढे ज्येष्ठ बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास गेले व तेथील कलाभवनात तैलचित्रण, जलरंग, वास्तुकला आणि प्रतिमाकाम शिकले. कलाभवनाचे प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी या होतकरू विद्यार्थ्याला संस्थेची छायाचित्रणशाळा वापरण्याची मुभा दिली, इतकेच नव्हे तर ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला पाठविले. तीन रंगांचे ठसे, छायाचित्रावरून दगडी शिळेवर उतरविलेले चित्र, अंधाऱ्या खोलीतील रसायनांचे काम, या गोष्टी त्या काळी आपल्याकडे मूठभर माणसांनाच अवगत होत्या.

विद्या हाती आली, तरी संसार सुखाचा झाला नाही. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची प्रथम पत्नी व अपत्य दोघेही दगावले. ते बडोद्यास परतले. छायाचित्र काढल्याने अंगातील शक्ती नाहीशी होऊन आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली होती व त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे, जादूचे प्रयोग करणे, असे नाना उद्योग त्यांनी केले. जादूच्या प्रयोगांसाठी त्यांनी आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा असे नाव घेतले होते. १९०२ मध्ये गिरिजा करंदीकर यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वतीबाई ठेवण्यात आले. पुढील साऱ्या कार्यात या माउलीचा वाटा किती मोठा होता, हे पुढे येईलच.

१९०३ मध्ये दादासाहेबांना भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, निश्चित वेतन, हातात आवडीचेच काम. संसारी माणसाला आणखी काय हवे? तथापि बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. लोणावळ्यास त्यांनी ठसे तयार करण्याचा व छपाईचा स्वतःचा कारखाना काढला.

येथून त्यांच्या आयुष्यात पोटाची चित्रे आणि श्रद्धेची चित्रे एकत्र आली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेले शिळाछाप मुद्रणालय पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आले होते. या मुद्रणालयासाठी चित्रे दगडावर उतरवून देण्याचे काम फाळके यांच्याकडे आले. शिळाछापाचे काम चिकाटीचे असते. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने चित्र उतरवावयाचे, प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा घ्यावयाची, आणि एकच कागद एकामागून एक साऱ्या शिळांवरून असा काढावयाचा की रंग केसभरही सरकू नये. तसा तो सरकला तर देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर जातो. रविवर्म्यांच्या लक्ष्मी, सरस्वती, श्रीराम, शिवशंकर यांच्या तसबिरी त्या काळी गरिबांच्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचल्या. मंदिरात जाण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्यांच्या घरीही देव आला. या तसबिरींपुढे हात जोडणाऱ्यांना तो दगड घासणारे हात कधी दिसले नाहीत.

धंदा वाढला, कारखाना मुंबईस दादर येथे आला. नव्या भागीदारीत त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे झाले. १९०९ मध्ये दादासाहेब रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. कारखान्याचा लौकिक होत असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि आपणच उभारलेल्या कारखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात लहान मुले, मिळकत बंद.

अशा स्थितीत १९११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत होते आणि शास्त्र्यांच्या या मुलाच्या मनात श्रीकृष्ण, श्रीराम, अयोध्या, गोकुळ उभे राहत होते. शिळेवर स्थिर असलेला देव पडद्यावर चालेल, बोटाने गोवर्धन उचलेल, हा विचार त्यांची पाठ सोडीना. त्यांनी रात्रंदिवस चित्रपट पाहिले, यंत्रे व पुस्तके मागविली, प्रयोग केले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. औषधोपचाराने ती परत आली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये इंग्लंडला प्रयाण केले. तेथे चित्रपटनिर्मिती प्रत्यक्ष पाहून, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून, ते एप्रिलच्या आरंभी परतले.

भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी प्रथम एक छोटासा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, अंकुर कसा वाढतो ते त्यांनी मिनिटभरात दाखविले. पुढे १९१५ मध्ये आगकाड्यांची मौज या लघुपटात त्यांनी हीच युक्ती वापरली. आगकाड्या किंचित हलवायच्या, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवायच्या. निर्जीव काड्या पडद्यावर नाचू लागल्या. आपल्याकडील चलत्‌चित्रांचा हा प्रारंभ मानला जातो. पौराणिक कथांसाठी ज्यांचे नाव घेतले जाते त्या फाळक्यांच्या अंगी असा खट्याळपणाही होता, हे विसरू नये.

राजा हरिश्चंद्र हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट त्यांनी दादर येथे तयार केला. सरस्वतीबाईंनी अंगावरील दागिने उतरवून दिले. सर्व मंडळींचा स्वयंपाक, कपडे धुणे, रात्री अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, उन्हात परावर्तनासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, हे सारे त्यांनी केले. स्त्रीभूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी, तर रोहिदासाची दादासाहेबांचे पुत्र भालचंद्र यांनी केली. पडदे स्वतः दादासाहेबांनी रंगविले. चित्रपटाच्या आरंभीचा राजकुटुंबाचा प्रसंग पाहिला की, रविवर्म्याची तसबीरच हलू लागली असे वाटते. लोणावळ्याचे दगड वाया गेले नव्हते. सहा महिने सत्तावीस दिवसांत पूर्ण झालेला, सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी प्रदर्शित झाला.

यशानंतर दादासाहेबांनी मुंबई सोडली व आपल्या मूळ जिल्ह्यात, नाशिकला, बस्तान हलविले. मोहिनी भस्मासुर हा पुढचा चित्रपट येथेच झाला. त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या आणि स्त्रीभूमिकेतील स्त्रीचा प्रश्न सुटला. त्यापाठोपाठ सत्यवान सावित्री आला. १९१४ मध्ये हे चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले. पण ते न स्वीकारता ते परत आले. महायुद्धामुळे कर्ज मिळणे दुरापास्त झाले होते, तरीही १९१७ मध्ये लंकादहन पूर्ण झाला. त्यात साळुंके यांनीच श्रीराम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत, असे सांगतात. ज्या नाशिकच्या पंचवटीत सीताहरणाची कथा घराघरांत सांगितली जाते, त्या भूमीतून हा चित्रपट निघाला, याचे भाविकांना विशेष वाटावे.

१ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या काही व्यापाऱ्यांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म (१९१८) व कालियामर्दन (१९१९) या चित्रपटांत दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. मात्र हिशेब आणि कलेचे स्वातंत्र्य यांवरून भागीदारांशी पुन्हा खटके उडू लागले. लक्ष्मी प्रेसची पुनरावृत्तीच ती. व्यवहारात दादासाहेब कच्चे होते आणि मनासारखे काम होत नसेल तर तडजोड करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीक्षेत्री जाऊन राहिले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते नाशिकला कंपनीत परतले खरे, परंतु पहिला अधिकार पुन्हा मिळाला नाही.

त्यांनी एकूण नव्वदांहून अधिक चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट केले. त्यांत सिंहस्थ पर्वणीवरील लघुपटही होता. बोलपटाचे युग आले आणि मूकपटाची विद्या मागे पडली. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये त्यांनी केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतरची वर्षे नाशिकमध्ये ओढगस्तीत गेली. ज्या धंद्यात एव्हाना लक्षावधी रुपयांची उलाढाल होत होती, त्या धंद्याला आपल्या आद्य पुरुषाची फारशी आठवण राहिली नव्हती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो व १९७१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

नाशिकहून मुंबईच्या दिशेने जाताना, महामार्गालगत पांडवलेणीच्या पायथ्याशी, नाशिक महानगरपालिकेने उभारलेले दादासाहेब फाळके स्मारक आहे. लेणी पाहण्यास जाणाऱ्या यात्रेकरूंना ते वाटेतच लागते.

त्यांचे बहुतेक चित्रपट काळाच्या ओघात नष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेल्या थोड्याफार भागांत कालियामर्दनचा बराचसा अंश आहे. त्याच्या प्रारंभी सात वर्षांची मंदाकिनी साध्या वेशात येऊन चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखविते. हसते, रुसते, रागावते. आपण एका लहान मुलीचा अभिनय पाहणार आहोत, हे प्रेक्षकांना आधीच मोकळेपणाने सांगितलेले असते. मग तिचेच रूप पालटून मोरपीस ल्यालेला कृष्ण समोर येतो, आणि थोड्याच वेळात तो यमुनेच्या डोहात उडी घेतो.