लग्नातल्या एस्प्रेसोला इटलीत कुणी एस्प्रेसो का म्हणणार नाही? कुकरच्या नऊपट दाबाची कॉफी करणाऱ्या आकिले गाज्जाची गोष्ट

हडपसरमध्ये सोलापूर रोडच्या एखाद्या मंगल कार्यालयात रिसेप्शनला गेलात, की आइस्क्रीमच्या शेजारी हमखास एक चकचकीत मशीन दिसतं. नळीतून सुर्रर्र आवाज येतो, स्टीलच्या मगातलं दूध फेसाळतं, वरून चॉकलेट पावडर भुरभुरते आणि कप आपल्या हातात. पाटीवर लिहिलेलं असतं, एस्प्रेसो कॉफी.

आता तिथून जवळच, मगरपट्ट्यात किंवा अमनोराच्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणीतरी वीस-तीस हजार मोजून घरी एस्प्रेसो मशीन आणतं. पहिला कप निघतो तेव्हा घरातले सगळे वाकून बघतात. जेमतेम दोन घोट काळी कॉफी, वर तांबूस फेसाचा थर, दुधाचा पत्ता नाही. आई विचारते, एवढीच? बाकीची कुठंय?

नाव एकच, पण गोष्टी दोन. लग्नातल्या मशीनचं काम चालतं वाफेवर, घरातल्या मशीनचं चालतं दाबावर. या दोघांना वेगळं करणारा माणूस म्हणजे मिलानचा आकिले गाज्जा. मशीनच्या बॉक्सवरचं स्पेलिंग वाचून आपण गॅगिया, गॅजिया असं काहीही म्हणतो, पण इटालियन लोक त्याला गाज्जा म्हणतात.

गाज्जाचा जन्म 1895 चा, मिलानचाच. तो काही इंजिनीअर नव्हता. घरच्यांचा कॉफी बार होता, तिथंच तो उभा राहायचा. बार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वेगळंच चित्र येतं, पण इटलीत बार म्हणजे काउंटरला टेकून उभ्या उभ्या कॉफी प्यायची जागा. आपल्या अमृततुल्यासारखंच म्हणा.

त्या काळात इटलीत एस्प्रेसो मशीन नवीन नव्हतं. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोनं 1884 मध्येच वाफेवर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं एकेका कपाची कॉफी काढणारं मशीन केलं आणि देसिदेरिओ पावोनीनं ते बाजारात आणलं. पितळी, उभी, वर गरुडबिरुड बसवलेली ही मशिनं दिसायला एकदम राजेशाही होती.

घोळ चवीत होता. या मशिनांत बंद टाकीत पाणी उकळायचं आणि साठलेल्या वाफेच्या जोरावर ते कॉफीच्या पुडीतून ढकललं जायचं. दाब यायचा साधारण दीड बार. आपल्या घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. म्हणजे हे राजेशाही मशीन जेमतेम दीड कुकरच्या ताकदीचं. बरं, वाफेचा दाब वाढवायचा तर तापमानही वाढतं. दीड बारला टाकीतलं पाणी सव्वाशे अंशांच्या पुढं जातं आणि कॉफीला हवं असतं नव्वद-पंचाण्णव. दाब वाढवला की कॉफी करपते आणि करपू द्यायची नाही तर दाब मिळत नाही. पन्नासेक वर्षं एस्प्रेसो या कात्रीत अडकली होती. काउंटरवर रोज हीच करपट कॉफी द्यावी लागणारा गाज्जा यावर डोकं लावत बसला.

त्याला सुचलेली वाट सोपी वाटते, पण तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वाफेला कॉफीपासून लांब ठेवायचं. पाणी गरम करण्याचं काम टाकीचं, दाब देण्याचं काम पिस्टनचं. 5 सप्टेंबर 1938 ला त्यानं वाफेविना चालणाऱ्या अशा यंत्राचं पेटंट मागितलं. या पिस्टनला स्क्रू होता, दांडा फिरवला की गरम पाणी पुडीतून जोरात खाली यायचं.

इथं एक दुसरं नाव सांगायला हवं, कारण जाहिरातींत ते येत नाही. कॉफीच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांच्या लिखाणात क्रेमोनेसे नावाच्या एका तंत्रज्ञाचा उल्लेख येतो. पिस्टनची मूळ कल्पना त्याची, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोकडून गाज्जानं हक्क घेतले, असं त्यात सांगितलेलं असतं. आम्हाला विचाराल तर यानं गाज्जा लहान होत नाही. कल्पना कागदावर असणं आणि ती काउंटरवर रोज शेकडो कप काढत चालणं, यात बरंच अंतर आहे आणि ते अंतर गाज्जानं कापलं. पण क्रेमोनेसेचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगू नये.

मग महायुद्ध आलं. मिलानवर बॉम्ब पडले, इटलीत कॉफीच मिळेनाशी झाली. गाज्जाचं यंत्र तसंच राहिलं.

युद्ध संपल्यावर, 1947 मध्ये तो नवीन पेटंट घेऊन आला. आता स्क्रूच्या जागी स्प्रिंग आणि लांब दांडा होता. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि गरम पाणी पिस्टनखाली भरतं. दांडा सोडला की स्प्रिंग सुटते आणि ते पाणी पुडीतून रेटते. दाब थेट आठ-नऊ बारवर गेला. नऊ कुकर! आज कॅफेतली पोरं शॉट पुल करणं म्हणतात ना, तो शब्द हा दांडा ओढण्यातून आलाय. आणि आईच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. पिस्टनखाली मावेल तेवढंच पाणी, म्हणून कप छोटा.

या दाबानं आणखी एक गोष्ट केली. भाजलेल्या कॉफीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड आणि तेल पाण्यात घुसळून निघालं आणि कपावर तांबूस फेस जमला. आज याच फेसावरून लोक एस्प्रेसो चांगली की वाईट ठरवतात, पण तेव्हाच्या गिऱ्हाइकांना ती वर आलेली घाण वाटली. गाज्जानं काय केलं, तर त्या फेसाला कॉफीची साय म्हटलं. इटालियन भाषेत क्रेमा. कॉफी इतकी अस्सल की तिला स्वतःची साय येते, असा प्रचार सुरू झाला आणि मशीन वाफेशिवाय चालतं हे तर मशीनवरच लिहिलं गेलं. मार्केटिंगवाल्यांनी हा किस्सा पाठ करावा असा आहे.

मशिनं बनवायला त्यानं एर्नेस्तो वालेन्ते या कारखानदाराशी हातमिळवणी केली. ही वालेन्तेची कंपनी म्हणजे फाएमा. ही जोडी फार टिकली नाही. गाज्जाला आपलं मशीन उंची बारची शान वाटत होतं, वालेन्तेला ते स्वस्तात गल्लोगल्ली पोचवायचं होतं. दोघं वेगळे झाले आणि पुढं एकमेकांचे तगडे स्पर्धक बनले.

गाज्जाची मशिनं इटलीबाहेरही निघाली. 1953 मध्ये लंडनच्या सोहो भागात मोका बार सुरू झाला तो गाज्जाच्या मशीनवर, आणि उद्घाटनाला आली होती जिना लोलोब्रिजिदा.

त्याच्या एक वर्ष आधी, 1952 मध्ये, कंपनीनं एक छोटं मशीन काढलं होतं, गिल्डा. रीटा हेवर्थच्या गाजलेल्या चित्रपटाचंच नाव. दांड्याचं हे मशीन बारसाठी नव्हतं, घरच्या ओट्यासाठी होतं. बारच्या काउंटरवरची कॉफी घरी काढायचा नाद तेव्हापासूनचा.

1961 मध्ये गाज्जा गेला. त्याच वर्षी वालेन्तेच्या फाएमानं ई61 हे मशीन आणलं. त्यात दांडा-स्प्रिंग काढून विजेचा पंप बसवला होता. मनगटाची ताकद लागेना, दाब कायम नऊच्या आसपास राहू लागला. गाज्जाचा दांडा मागं पडला, पण त्यानं गाठलेला दाबाचा आकडा तिथंच राहिला. त्याच्या नावाची कंपनी पुढं 1999 मध्ये साएकोनं घेतली आणि 2009 मध्ये साएकोसकट फिलिप्सकडे गेली.

हा नऊचा आकडा आज मशीन घेताना कामाला येतो. बॉक्सवर 15 बार, 20 बार असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो पंपाचा कमाल जोर असतो, कॉफीला लागतात नऊच. त्यामुळे 20 वालं 15 पेक्षा भारी, असा हिशोब करू नका. उलट तीन-चार हजारांच्या मशीनवर साडेतीन किंवा पाच बार लिहिलं असेल, तर त्यात पंप नाही, वाफच आहे. म्हणजे तुम्ही पैसे देऊन 1938 च्या मागं गेलात. दुधाची फेसाळ कॉफीच हवी असेल तर तेही चालेल, पण माहिती असू द्या.

अर्थात नुसत्या पंपानंही भागत नाही. कॉफीची पूड जाडी असेल तर पाणी सरळ निघून जातं आणि नऊ बार तयारच होत नाहीत. म्हणून बजेट ठरवतानाच चांगल्या ग्राइंडरचे पैसे बाजूला काढा. सुरुवातीला 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत निघते का ते वजनकाट्यावर बघा. लवकर निघाली तर पूड बारीक करा, रखडली तर जाडी. क्रेमा जास्त हवा असेल तर थोडा रोबस्टा असलेलं मिश्रण घ्या. कोडगू-वायनाडकडचा हा रोबस्टा इटलीवाले आपल्याकडून भरभरून नेतात.

मशीनला सहसा हजार ते दीड हजार वॅट लागतात, तेव्हा मिक्सरच्या छोट्या पॉइंटवर एक्स्टेन्शन लावू नका, ओट्यावर 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. आणि सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल, तर ते थेट टाकीत ओतू नका. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच मशीनच्या आत बसतो, आणि तिथं हात घालून खरवडता येत नाही.