गाय कोणत्या वळूकडे न्यायची? हे गणित मांडणारा रॉबर्ट बेकवेल

18 व्या शतकातलं इंग्लंड. गायी आणि वळू एकाच कुरणात चरायचे. कोणती गाय कोणत्या वळूपासून गाभण राहिली, याचा पत्ता बऱ्याचदा मालकालाही नसायचा.

इथं एन्ट्री होते रॉबर्ट बेकवेलची. जन्म 1725, लेस्टरशायरमधल्या डिशलीचा शेतकरी. 1760 मध्ये वडिलांची शेती हातात आली. त्यानं वळू गायींपासून वेगळे ठेवले. कोणती गाय कोणत्या वळूकडे न्यायची, हे आता तो ठरवणार होता.

टार्गेट होतं मांस. लाँगहॉर्न जातीतली लवकर अंग धरणारी जनावरं त्यानं निवडली आणि जवळच्या नात्यातच, अगदी बाप-लेकीतही, जोड लावली. हवे ते गुण पक्के झाले. त्याचे वळू हंगामापुरते भाड्यानं जाऊ लागले.

पण किंमत मोजावी लागली. चरबी वाढली, दूध घटलं आणि गायी गाभण राहण्याचं प्रमाणही घसरलं. 1795 मध्ये बेकवेल गेला. पुढं शॉर्टहॉर्ननं त्याच्या लाँगहॉर्नला मागं टाकलं.

पद्धत मात्र टिकली. डार्विननंही तिची दखल घेतली. आणि आज कृत्रिम रेतन करताना वळूचा नंबर वहीत लिहून ठेवायला सांगतात, ते याचसाठी, कालवडीला तिच्याच बापाचं रेत जाऊ नये म्हणून.